पणजोबांच्या मागे: फेरफार, चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं आणि इस्पितळाच्या कागदांतून घराण्याचा माग कसा काढावा

श्राद्धाच्या संकल्पात आपण वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं घेतो. घरातली तोंडी आठवणही बहुधा तिथेच थांबते. त्यामागे जायचं तर कागदांकडे वळावं लागतं, आणि महाराष्ट्रात व गोव्यात कागद भरपूर आहेत. फक्त ते एका ठिकाणी नाहीत, एका लिपीत नाहीत, आणि त्यातला एकही कागद तुमच्या वंशावळीसाठी लिहिलेला नाही. कुणी साऱ्यासाठी लिहिलं, कुणी बाप्तिस्म्यासाठी, कुणी मिळकतीच्या वाटणीसाठी, तर कुणी एखाद्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्यासाठी. म्हणून कोणताही कागद हातात आला की आधी एकच विचारा: हा कोणी आणि कशासाठी लिहिला? कोणतं नाव त्यात हमखास असेल आणि कोणतं गळलेलं असेल, हे त्यावरून कळतं.

सुरुवात घरातून

ट्रंका, देव्हारा, माळा आधी बघून घ्या. शाळा सोडल्याचे दाखले, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, जुनी खरेदीखतं, पोथ्यांची पहिली-शेवटची कोरी पानं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घातलेली नावंही वाचा. लग्नात आलेल्या हंड्या-परातींवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि कधी कधी तारीखही असते, आणि तो देणारा बहुतेक वेळा मामा किंवा आजोळचा माणूस निघतो.

घरातल्या वयस्कर बायकांशी निवांत बोला. कुलदैवत कोणतं, देवक काय, कोणत्या गावाला आपले भाऊबंद आहेत, कोणाशी सुतक धरतात. सुतकाचा प्रश्न फार उपयोगी पडतो. नातं काय ते सांगता आलं नाही तरी सुतक कोणाचं येतं, हे म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. याच बोलण्यातून मूळ गाव, तालुका आणि जिल्हा मिळवायचा. गावाशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही. तालुक्यांच्या हद्दी बदलल्या आहेत, तेव्हा आजी-आजोबांच्या काळी गाव कोणत्या तालुक्यात होतं तेही विचारून ठेवा. मराठवाड्यातलं गाव असेल तर सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथे निजामाचं राज्य होतं, त्यामुळे बरेच जुने कागद उर्दूत मिळतील.

एक गैरसमज इथेच दूर करतो. खानेसुमारीत पणजोबांचं नाव सापडेल, असं अनेकांना वाटतं. ब्रिटिश काळातल्या खानेसुमारीचे आकडे छापून ठेवले आहेत. घरोघरी भरलेले कागद जपलेले नाहीत. त्यात वेळ घालवू नका.

फेरफार आणि कोतवाल बुक

हिंदू शेतकरी घरासाठी सगळ्यात भरवशाची वाट महसुलाची. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण घराण्याच्या शोधात खरा उपयोग फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदणाऱ्या गाव नमुना ६ चा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, आणि खातेदार मेला की वारसांची नोंद करायची पद्धत त्यातून रुजली. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात फेरफाराचे नंबर असतात. आजच्या सातबाऱ्यावरून एक नंबर घ्या, तो फेरफार काढा. त्यात आधीच्या फेरफाराचा धागा सापडतो, मग तो काढा. असं मागे मागे जात राहायचं.

वारसाच्या फेरफारात काय असतं? अमुक खातेदार अमुक तारखेला मयत. वारस थोरला मुलगा वय २२, धाकटा मुलगा वय ११, विधवा बायको. धाकट्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि थोरल्याचं नाव असेल, तर धाकटा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, आणि थोरला त्याचा पालनकर्ता. थोरल्याच्या नावामागे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे सातबाऱ्यावर एकच नाव दिसत असलं तरी मागे इतर भाऊ आहेत. मृत्यूची तारीख आणि मुलांची वयं हाती आली की जन्माची सालं अंदाजाने काढता येतात. लेकींची नावं मात्र इथे बऱ्याचदा नसतात. जमीन कोणाच्या नावे चढवायची एवढाच तलाठ्याचा प्रश्न होता, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव लावायची रीत नव्हती. यादीत मुली नाहीत म्हणजे त्या माणसाला मुली नव्हत्या, असा अर्थ काढू नका.

दुसरा कागद गाव नमुना १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू यात नोंदले जात, आणि जुनी पुस्तकं बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव सहसा नसतं, कारण बारशाआधीच नोंद होई. बापाचं नाव, जात, 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि तारीख एवढंच मिळतं. त्यामुळे स्वतःच्या आजोबांचं नाव शोधत बसू नका, त्यांच्या वडिलांचं नाव शोधा, आणि अंदाजे सालाच्या आगेमागे पाच वर्षं सगळी पानं वाचा. आडनावही नसेल. समजा पणजोबा रामा आणि त्यांचे वडील गणू. तर नोंद 'रामा बिन गणू' अशी असेल. मराठवाड्याकडे 'बिन'ऐवजी 'वल्लद' दिसतं. बाईच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव येतं.

मृत्यूच्या पानांवर रोगही लिहिलेला असतो: ताप, हगवण, पटकी, गाठीचा ताप. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत किंवा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातली दोन-तीन माणसं एका आठवड्यात गेलेली दिसतात, आणि घरात कोणी न सांगितलेल्या गोष्टींचा उलगडा तिथे होतो. पोरं मामाकडे का वाढली, जमीन चुलत्याच्या नावे कशी गेली. ही पानं वाचताना घाई करू नका.

नक्कल मागायचा अर्ज साधा असतो: गाव, तालुका, नमुना क्रमांक, अंदाजे सालं, आणि कोणाची नोंद हवी ते. 'माझ्या पूर्वजांची सर्व कागदपत्रं द्या' असा मोघम अर्ज बाजूला पडतो. नेमका नमुना आणि सालं लिहिली की काम हलतं. जमिनीचे बरेच जुने कागद महाराष्ट्र शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. शिवाय २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हापासून अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर नमुना १४, शाळांची जनरल रजिस्टरं आणि महसुली कागद यांची पानं आली आहेत. तुमची जात कोणतीही असो, आपल्या गावाची पानं तिथे आहेत का, ते घरबसल्या बघता येतं.

मोडी आणि सालं

१९५० च्या आधीचा मराठी कागद हातात आला की बहुधा मोडी लिपी समोर येणार. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग अक्षरं तिला लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. पण नोंदवह्यांची भाषा ठरावीक असते, त्यामुळे सगळी मोडी यायला हवी असं नाही. बाराखडी, अंक, महिन्यांची नावं आणि आपल्या गावातली पाच-पन्नास नावं ओळखता आली की नमुना १४ वाचता येतो. मोडीचे वर्ग अनेक शहरांत आणि ऑनलाइनही चालतात. ज्याला घराण्याच्या मागे खरोखर जायचं आहे त्याने हे शिकावंच, असं माझं ठाम मत आहे. दर वेळी दुसऱ्याकडून वाचून घेतलं तर तुम्हाला हवी ती ओळ मिळते, पण शेजारच्या ओळीत तुमचा चुलत पणजोबा असेल तर तो तसाच राहून जातो.

सालांचं गणित सोपं आहे. शकात ७८ मिळवा. पौष-माघाकडची, म्हणजे इंग्रजी जानेवारीनंतरची तिथी असेल तर ७९. दख्खनी फसलीत, म्हणजे महसुली सालात, ५९० मिळवा. हे साल जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून ५९१. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. पेशवाईतल्या कागदात शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार इथे आपापल्या भागातल्या यजमानांच्या नामावळी उपाध्यांनी पिढ्यान्पिढ्या ठेवल्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या भागाची वही कोणाकडे आहे ते कळतं. या वहीचं मोल असं की यात्रेकरूने बहुतेक वेळा स्वतःच्या हाताने किंवा समोर बसून सांगून नावं लिहिलेली असतात: बाप, आजा, भाऊ, मुलं, सोबत आलेली माणसं. घराण्याची नावं घराण्यातल्याच माणसाने सांगितल्याचं उदाहरण इतरत्र क्वचित मिळतं. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या काही वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावरही आहेत. प्रत्यक्ष गेलात तर पानाचा फोटो घ्यायची परवानगी आधी मागा, दक्षिणा द्या, आणि आपल्या आजच्या पिढीची नावं त्या वहीत लिहून या.

चर्चच्या वह्या

गोव्यातल्या, वसईतल्या, मुंबईतल्या ख्रिस्ती घरांसाठी हाच मुख्य रस्ता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवायचा नियम केला, त्याआधी १५१० सालीच गोवा पोर्तुगीजांकडे आलं होतं. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, म्हणूनच या वह्यांचा पल्ला लांब जातो. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आले. तिथल्या हिंदू घरांनी देवस्थानच्या महाजनांच्या याद्या आणि गांवकारीचे, म्हणजे कोमुनिदादचे कागद बघावेत. जुन्या वह्यांतल्या बऱ्याच पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, बाकीच्या त्या त्या चर्चमध्ये. या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ साली झाली आणि दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला प्रमुख.

बाप्तिस्म्याची नोंद पोर्तुगीजमध्ये असली तरी साचा एकच. तारीख, मुलाचं नाव, जन्मदिवस, आई-बाप, गाव किंवा वाडा, गॉडफादर-गॉडमदर, खाली फादरची सही. 'फिल्यु लेजितिमु' म्हणजे औरस मुलगा. 'पाय इन्कोग्नितु' म्हणजे बाप अज्ञात. दहा नोंदी वाचल्या की अकरावी न अडखळता वाचता येते. नावं आखडून लिहिलेली असतात, मारिया म्हणजे नुसता एम आणि वर बारीक ए.

गॉडपेरेंट्सची नावं उतरवून घ्यायला विसरू नका, ते बहुधा मामा, काका, आत्या असतात. मग समास बघा. १९०८ पासून कॅथलिक चर्चमध्ये लग्न झालं की ते बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी लिहायचा नियम लागू झाला. समासातल्या त्या दोन बारीक ओळी सांगतात, की मार्दोळ बाजूला जन्मलेली मुलगी लग्न करून मुंबईत गिरगावच्या चर्चमध्ये गेली की कराचीला. आडनावाच्या भरवशावर मात्र राहू नका. धर्मांतराच्या वेळी अनेक घरांना एकच पोर्तुगीज आडनाव मिळालं, त्यामुळे एका गावातली दोन फर्नांडिस घरं एका रक्ताची असतीलच असं नाही. वाडा आणि गॉडपेरेंट्स जुळतात का ते पाहा.

मुंबईसाठी एक वेगळी खूणगाठ. पोर्तुगालचा पाद्रोआदो आणि रोमचा प्रोपगांडा अशा दोन अधिकारांखाली इथली चर्चं १७९४ पासून १९२८ पर्यंत विभागलेली होती. एकाच वस्तीत दोन्ही बाजूंची चर्चं असत. एका वहीत घराणं अचानक थांबलं तर ते संपलं असं समजू नका, शेजारच्या चर्चची वही मागा. अहमदनगरकडच्या प्रोटेस्टंट घरांचा माग अमेरिकन मराठी मिशनच्या कागदांत लागतो. हे मिशन मुंबईत १८१३ साली आणि नगरला १८३१ साली सुरू झालं. सध्याच्या फादरना किंवा पाळकांना चिठ्ठी पाठवून, वेळ ठरवून जा. वहीचं पान फोटोसाठी उलगडून दाबू नका, जुन्या शाईने कागद ठिसूळ झालेला असतो.

मृत्युपत्र, प्रोबेट, इन्व्हेंटरी

मालमत्तेच्या कागदांत घरातलं नातं शपथेवर लिहिलं जातं, म्हणून मला हे कागद फार मोलाचे वाटतात. १८७० च्या कायद्यानंतर मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, लागू लागलं, आणि ती प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागाकडे गेली. गिरणगावातल्या माणसापेक्षा दुकानदार, पेढीवाला, वकील, चाळमालक यांच्या बाबतीत हे मिळण्याची शक्यता जास्त. मृत्युपत्र केलेलंच नसेल तर वारस 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन'साठी, म्हणजे मिळकतीचा कारभार बघायच्या न्यायालयीन अधिकारासाठी, अर्ज करत. या अर्जात मृताचं कुटुंब, इतर नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावेच लागतात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम २७८ तसं सांगतं. घराण्याच्या शोधाला मृत्युपत्रापेक्षा हा अर्जच अनेकदा जास्त देऊन जातो.

सातारा, रत्नागिरी, जळगावच्या माणसाचं प्रोबेट उच्च न्यायालयात शोधू नका. मुंबईबाहेरच्या हिंदू मृत्युपत्राला सहसा त्याची गरज नव्हती. तिथे जिल्हा न्यायालयात १८२७ च्या रेग्युलेशन ८ खालचे वारस दाखले बघा. आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पुस्तक क्रमांक ३ मागा, त्यात नोंदलेली मृत्युपत्रं असतात. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही, तो गेल्यावर कोणीही अर्ज करू शकतो. ही तरतूद १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे, कचेरीत कोणी कां-कूं केली तर कलम ५७ दाखवा.

गोव्यात याहून चांगली सोय आहे. पोर्तुगीजांचा १८६७ चा दिवाणी कायदा तिथे १८७० पासून लागू झाला, आणि माणूस गेला की मिळकतीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मिळकतीची न्यायालयातली यादी, करायची पद्धत आली. कुटुंबप्रमुख शपथेवर सगळे वारस, त्यांचे नवरे-बायका, मिळकत आणि कर्ज सांगतो. बायकोचा अर्धा हिस्सा आणि लेकींचा वाटा या कायद्यात असल्यामुळे स्त्रियांची नावं टाळताच येत नाहीत. महाराष्ट्रातल्या फेरफारात हरवलेल्या आत्या-आज्या शोधणाऱ्याला गोव्याची इन्व्हेंटरी वाचताना याचं महत्त्व जाणवतं. सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या अनेक घरांच्या सोयरिकी गोव्यात आहेत. आपल्या घरातली मुलगी पेडण्यात किंवा डिचोलीत दिली असेल तर सासरच्या इन्व्हेंटरीत ती नावानिशी सापडू शकते.

वेड्यांच्या इस्पितळाचे कागद

काही घरांत एखाद्या माणसाबद्दल 'ते लहानपणीच गेले' किंवा 'ते परागंदा झाले' एवढंच सांगतात, आणि आवाज खाली येतो. असा माणूस ठाणे, येरवडा, रत्नागिरी किंवा नागपूरच्या इस्पितळात आयुष्यभर राहिलेला असू शकतो. त्याचं नाव परत घराण्यात आणणं हे या साऱ्या शोधातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं मी मानतो. पण आधी घरातल्या वयस्करांना विचारा, त्यांची तयारी नसेल तर थांबा.

रुग्णाचे कागद गोपनीय असतात, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही ती गोपनीयता जपली आहे. इस्पितळाला लेखी अर्ज करा, नात्याचा पुरावा जोडा, आणि फक्त दाखल झाल्याची व मृत्यूची तारीख मागा. संपूर्ण केसपेपरपेक्षा एवढं मिळण्याची शक्यता जास्त. इस्पितळाकडून काही मिळालं नाही तर कोर्टाकडे वळा. १८५८ च्या आणि पुढे १९१२ च्या कायद्यानुसार दाखल करायला बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. आणि माणसाच्या नावे मिळकत असेल तर १८५८ च्याच दुसऱ्या एका कायद्याखाली जिल्हा न्यायालयात चौकशी होऊन मिळकतीवर व्यवस्थापक नेमला जाई. या दिवाणी कागदांत भाऊ, बायको, चुलते यांचे जबाब सापडू शकतात.

मुंबई इलाख्यातल्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. त्यात बहुतेक आकडेच असतात, नावं नाहीत, पण इस्पितळ कसं चालत होतं, किती माणसं होती, काय खायला मिळे हे कळतं. वेडाचं कारण या रकान्यावर मात्र विसंबू नका. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने इस्पितळातली प्रकरणं मुळापासून तपासली, तेव्हा 'गांजा' हे कारण अनेकदा पुरेशी चौकशी न करताच लिहिलेलं आढळलं. पोलिसाने कागदावर लिहिलं आणि इस्पितळाने ते उतरवून घेतलं. तुमच्या माणसासमोर जे कारण लिहिलं असेल, ते कोणी सांगितलं याचा शोध घेतल्याशिवाय घरच्यांना सांगू नका.

जुळवणी

सगळ्यात जास्त गोंधळ नावांच्या सारखेपणाने होतो. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्याने एका भावकीत 'गणू बिन रामा' आणि 'रामा बिन गणू' आलटून पालटून येतात. दोन नोंदींतला माणूस एकच आहे असं म्हणायला नावाखेरीज किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात: सर्व्हे नंबर, बायकोचं नाव, भावाचं नाव, मृत्यूची तारीख, वाडा. प्रत्येक नक्कलीच्या मागे पेन्सिलीने कचेरी, वहीचं नाव, साल आणि पान क्रमांक त्याच दिवशी लिहा, आणि जिथे शोधूनही काही मिळालं नाही ती सालंही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तीच पानं पुन्हा चाळावी लागणार नाहीत. वंशावळीत खात्रीचं नातं सलग रेघेने दाखवा, अंदाजाचं तुटक रेघेने, आणि त्या तुटक रेघेखाली लिहा की कोणता कागद मिळाला म्हणजे ती सलग होईल.